पाताळाचं छत

नवरात्र जवळ आलं की यवतमाळात आधी बांबू येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, मागे लाल फडकं बांधून, चौकाचौकात उतरतात. मग रस्त्याला भोकं पाडली जातात, आणि ज्याची दुचाकी त्या भोकात आदळते तो ओठावर आलेली शिवी देवीच्या धाकानं गिळून पुढं जातो. पावसाची जायची तयारी झालेली असते, पण पाय निघत नसतो. उकाडा असा की शाळेतून घरी येईपर्यंत पाठ ओली. महागावकडून सोयाबीन भरून आलेल्या गाड्यांचा धुरळा, ओल्या बारदानाचा वास, कुठंतरी शिजत असलेल्या खळीचा वास. हे सगळं एकत्र आलं की इतरांना देवी दिसत असेल. मला पाताळ दिसतं.

यंदा ते जरा जास्तच दिसतंय. बाबांशिवायचं हे पहिलं नवरात्र. उन्हाळ्यात ते गेले, पहाटे, झोपेतच. कामाच्या पहिल्या पाळीला निघताना आम्हाला न उठवता जायचे, तसेच. वर्ष झालं नाही म्हणून यंदा घरात घट नाही, माळ नाही, अखंड दिवा नाही. आई रिकाम्या हातानं दारात खुर्ची टाकून बसते आणि चौकातले बांबू पाहत राहते. मी आल्यावर विचारते, "काय व आई, काय पाहून राह्यली?" ती म्हणते, "काई नाई. मांडव." मग मीही तिच्याजवळ बसते, कारण दोघींना एकाच वर्षीचा मांडव आठवत असतो.

ते वर्ष फार जुनं नाही. आमच्या चौकातल्या मंडळानं त्या वर्षी देखाव्यासाठी पाताळ ठरवलं. आधी बर्फाचा डोंगर करून झाला होता, त्याच्याही आधी ढगातला राजवाडा. वर जायचं सगळं संपलं होतं, आता खालीच जायचं उरलं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा "मॅडम, डिझाइन तुमचं अन् काम सत्तारभाईचं" असं मंडळाच्या कार्यकर्त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. सत्तारभाई म्हणजे एके काळी यवतमाळातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. तेव्हापासून ते शहराबाहेर लोहारा गावाच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये देवीचे देखावे बांधतात. बोलायला गोड, कामाला पक्के आणि रंगाच्या बाबतीत कोणाच्या बापाचं न ऐकणारे.

"सत्तारभाई, पाताळात काय काय काढणार?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"काय म्हंजे? नाग. हिरे. हिरवी लाइट. एक मोठं कासव. मधात देवी."

"अंधार?"

"अंधार कायले?" ते खरंच चकित झाले. "मॅडम, लोकं जमिनीच्या खाली चमकनारं काई तरी पाहाले येतेत. अंधार तं त्याइले घरी लाइट गेली का फुकट भेटते."

चित्रकारांनी जमिनीखालच्या जगाचं जे जे करून ठेवलंय ते आठवलं, की सत्तारभाई अगदी सरळमार्गी वाटतात. आपल्याकडं तर खाली मजल्यावर मजले: अतल, वितल, सुतल असं उतरत उतरत पाताळापर्यंत. आणि कुठल्याच मजल्यावर अंधार नाही. नागांच्या फण्यांवरच्या मण्यांचा उजेड, बागा, तळी, सोन्याचे महाल. लहानपणी देवळातले बुवा रंगात येऊन सांगायचे की पाताळ स्वर्गाहून देखणं आहे. तेव्हा मला प्रश्न पडायचा की मग सगळे वरच का जायला पाहतात. उलट जत्रेत मिळणारी ती नरकाची चित्रं. करवतीनं कापली जाणारी माणसं, तेलाच्या कढया, आणि कढईतल्या माणसाच्याही केसांचा भांग जागच्या जागी. सिनेमातलं पाताळ म्हणजे लाल दिवा, पायापाशी धूर आणि कारण नसताना हसणारा राजा. भूगोलाच्या पुस्तकातली पृथ्वी कलिंगड चिरल्यासारखी उघडी, आत लालभडक गाभा. मी दरवर्षी सहावीच्या मुलांना 'जमिनीखाली' असा विषय देते. मुंग्यांची घरं येतात, मोहरांचा हंडा येतो, सांगाडा तर हटकून येतो. एखादी मुलगी नुसती मुळंच काढते, कागद संपेपर्यंत.

या सगळ्या चित्रांत मला एक गोष्ट सारखी दिसते. जमीन सुरीनं उभी कापलेली असते आणि आपण बाहेर उजेडात उभं राहून आत पाहत असतो. आत कोणी उभं राहत नाही.

कॉलेजच्या सहलीत अजिंठ्याला गेले होते तेव्हा मला याच्या बरोबर उलटं काहीतरी दिसलं होतं. डोंगराच्या पोटात, जिथं भरदुपारीही नीट दिसत नाही, तिथं बसून त्या लोकांनी काय रंगवलं? हत्ती, बागा, सौधावर बसलेली माणसं, नटणाऱ्या बायका, आभाळातून उडणारी जोडपी. दगडाच्या आत वर्षं काढली आणि चित्रात दगड कोणीच काढला नाही. बाहेर बसलेले आतलं काढतात, आत बसलेले बाहेरचं. बसमध्ये परत येताना मी मैत्रिणीला हे मोठ्या ऐटीत सांगितलं आणि ती म्हणाली, "भूक लागली व." खरं म्हणजे त्याचा अर्थ मलाही तेव्हा लागला नव्हता.

माझे बाबा मात्र आत उभे राहिलेले होते. वणीकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत त्यांचा जन्म गेला. आमची कॉलनी खाणीला लागूनच होती; दोन खोल्यांचं घर, पुढं पपईचं झाड, वाळत घातलेल्या कपड्यांवर कायम काळी भुकटी. भोंगा झाला की एक पाळी जायची आणि एक यायची. त्या कॉलनीत खाणीला खाण कोणी म्हणत नसे, 'खाली' म्हणत. बाबा कुठी गेले? खाली. आणि खालचं वर बोलायचं नाही, असा एक न सांगितलेला नियम होता. पाळीला निघालेल्या माणसाला बायका काही विचारत नसत, आलेल्या माणसापुढं गरम पाण्याची बादली ठेवत. बाबा अंग घासून बाहेर आले तरी डोळ्यांच्या कडेला काजळाची रेघ राहायची. मला ते तेव्हा फार सुंदर दिसायचे. मी तसं म्हटलं की ते लाजायचे आणि टॉवेलनं पुन्हा डोळे पुसायचे.

एकदाच त्यांनी खालून काहीतरी आणलं. डब्यात, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून. एक काळपट चपटा दगड होता आणि त्याच्यावर पान उमटलेलं. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या बारीक शिरा, एका बाजूला किंचित फाटलेली कड. मी अजून इतकं नेमकं पान काढू शकत नाही. "कोणी काढलं?" मी विचारलं. "कोनी नाई. पान पडलं अन् दबलं," बाबा म्हणाले. आईनं तो दगड देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला अगदी विश्वासानं सांगताना मी ऐकलं, "खाली झाडं हायेत म्हनते." बाबांनी ऐकलं, पण खोडलं नाही. तिच्या मनातल्या त्या जागेत थोडी सावली असलेली त्यांना बरी वाटली असावी.

आईची खरी पंचाईत व्हायची नागपंचमीला. त्या दिवशी जमीन उकरायची नाही, नांगर धरायचा नाही, काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. खालच्या नागाला लागेल. वर आमच्या घरात विळी मिटून कोपऱ्यात ठेवलेली, आणि खाली बाबा आणि त्यांची माणसं सुरुंग लावत असायची. आई सकाळी भिंतीवर गंधानं नाग काढायची. तिचा हात फार चांगला होता; एका दमात फणा, एका दमात शेपटी. मग त्या नागांशी तिचं बोलणं चालायचं. "माफ करजा बाप्पा. त्याइच्या मनात काई नाई. पोटासाठी करून राह्यले." मी हसले तर पाठीत धपाटा. आज वाटतं, आमच्या कॉलनीतली प्रत्येक बाई पाताळाची चित्रकारच होती. नवरा खाली गेला की पाळीभर ती काम करता करता ते चित्र काढत बसलेली असायची, पुसत असायची, पुन्हा काढत असायची. पण कोणीच ते कोणाला दाखवलं नाही.

बाबा निवृत्त झाले आणि दोघंही माझ्याकडं यवतमाळला आले. मांडवाच्या त्या वर्षी, पोळा झाल्यावर, बाबांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. त्यांची ती खाण बंद झाली होती. कोळसा संपला, तोंडाला भिंत घातली, आत पाणी भरलं. आता तिकडं जे काही चालतं ते वरूनच उकरून; भले मोठे खड्डे, त्यात खेळण्यांएवढे दिसणारे डंपर, सगळं उघड्या आभाळाखाली. बाबा फोन ठेवून "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि जेवले. आई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मांडवाचं डिझाइन करत बसले होते तेव्हा ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"बाई, एक काम करशीन? तुह्या त्या पाताळात बाबाची खाण काढ."

"काहून व?"

"मले एकदा पाहाची हाये." ती कागदाकडं पाहत म्हणाली, माझ्याकडं नाही. "बायाइले खाली जाऊ देत नव्हते. म्हटलं, कधी तरी पाहू. आता तं तोंडच बुजवलं. इतका संसार केला, पन थे अर्धा जन्म कुठी होते हेच मले मालूम नाई. कधी कधी वाटते, मी अर्ध्याच मानसासंगं राह्यली."

आईनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. मी मनाशी ठरवलंच, नाग गेले खड्ड्यात, मी खाण काढणार.

पण काढायची कशी? सांगणारा एकच माणूस, आणि तो सांगत नव्हता. "काय सांगू? काळं राह्यते." यापुढं बाबा जात नसत. मी चहाच्या वेळी विचारलं, फिरायला जाताना विचारलं, तेच उत्तर. शेवटी अंदाजानं एक चित्र केलं. अरुंद बोगदा, लाकडी खांब, टोपीवरच्या दिव्याचा एक झोत. बाबांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं, मग कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे नको लावू, बाई. लोकं देवीले येतेत. लहान लहान पोट्टे येतीन. सत्तारचे नागच बरे."

"बाबा, तुम्हीसुद्धा नागांच्या बाजूनं?"

"मी थे पाह्यलं हाये. मले दुसरं काई तरी दाखवा."

मला राग आला. मी म्हटलं, मंडळासाठी नाही, आईसाठी काढायचंय, तिला पाहायचंय. त्यांनी मान खिडकीकडं वळवली. मग हळूच म्हणाले, "तिनं नाई पाह्यलं म्हनून तं घर चाललं."

त्या वाक्यानं राग गेला नाही, उलट वाढला. एक माणूस जपण्यासाठी दार लावून बसलेला, आणि दुसरं माणूस त्याच दारापाशी म्हातारं झालेलं. दोघांचंही खरं होतं. अजिंठ्याचं ते कोडं मात्र त्या दिवशी सुटलं. आत बसलेल्यांनी दगड का काढला नाही, हत्ती आणि बागा का काढल्या, ते मला बाबांच्या खिडकीकडं वळलेल्या मानेवरून कळलं.

मी हार मानली आणि सत्तारभाईंच्या नागांना खवले रंगवायला लागले. त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. आधी बांबूचा सांगाडा, मग पोत्याचं बारदान चुन्यात आणि प्लास्टरात बुडवून त्या सांगाड्यावर टाकायचं, ओलं असतानाच मुठीनं सुरकुत्या पाडायच्या. वाळलं की दगड. पोतं टाकताना ते एकदाच टाकतात, पुन्हा ओढत नाहीत. "दगड जसा पडला तसा पडला," म्हणतात. आठवड्याभरात चौकात गुहा उभी राहिली. नागाच्या जबड्यातून आत शिरायचं, वळसा घालत देवीपर्यंत जायचं, शेपटीतून बाहेर पडायचं.

एक दिवस शाळा सुटल्यावर मांडवात गेले तर बाबा तिथं. सत्तारभाई त्यांना हौसेनं नाग दाखवत होते आणि बाबा खरोखर खूश होऊन पाहत होते. "डोळे मोठे करा याचे," ते म्हणाले. "माह्या बायकोनं दरसाल याच्या हातापाया पडून मले वर काढलं." सत्तारभाई हसले, मीही हसले. मग आम्ही तिघं जबड्यातून आत शिरलो आणि बाबा पहिल्याच पावलाला थांबले. त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही, नागाकडं नाही. मान वर केली. बाजूला पडलेला एक बांबू उचलला, आणि मला काही कळायच्या आत वरच्या छताला तो ठोकून पाहिला.

छत कसलं, काळं कापड ताणलेलं. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी त्याच्यात साचून पोट सुटलं होतं. बांबू लागला, कापड फाटलं आणि बादलीभर गढूळ पाणी खाली आलं. पण आमच्या अंगावर फारसं पडलं नाही, कारण ते पडायच्या आधीच बाबांनी एका हातानं मला आणि एका हातानं सत्तारभाईंना ओढून बाहेर फेकलं होतं. त्या वयात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. सत्तारभाई रस्त्यावर बसकण मारून हसत होते. बाबा हसत नव्हते. माझा दंड त्यांनी बराच वेळ सोडलाच नाही.

चहा आल्यावर ते जरा सावरले आणि स्वतःच्याच चुकीवर हसू लागले. खाली कुठंही पाय ठेवायच्या आधी वरचं छत ठोकून पाहायचं असायचं, ते म्हणाले. टणक वाजलं तर बसायचं, पोकळ वाजलं तर पळायचं. कापडाचं छतही त्यांनी सवयीनं ठोकलं होतं.

"पन चाचा, वर पाह्यते कोन?" सत्तारभाई म्हणाले. "लोकं सामने पाह्यतेत, नाई तं पायाखाली. म्हनून मी वरतं कधी काई करतच नाई."

"खाली गेलेला मानूस पयले वरच पाह्यते."

मला एकदम जाणवलं की मी पाहिलेल्या एकाही पाताळाला छत नाही. महाल आहेत, कढया आहेत, मणी आहेत. वर काय आहे ते कोणीच काढलेलं नाही. उजेडात उभं राहून आत डोकावणाऱ्याला छताची गरज काय?

सत्तारभाईंनी विडी विझवली. "मंग काय काढू वर? चांदण्या?"

"काई नको. पक्कं दिसलं पाह्यजे," बाबा म्हणाले. "पडनार नाई, असं."

इतकी वर्षं मी चित्रकला शिकवते, पण 'न पडणारं' काढून दे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सत्तारभाईंनी मात्र ते मनावर घेतलं. कापड काढून टाकलं, वर पत्रे चढवले, खालून बारदानाचा दगड केला, जाड तुळया बसवल्या, करड्यावर करडा असे हात मारले. काम झालं की बाबांना खाली उभं करायचे. "आता, चाचा?" बाबा वर पाहायचे. "अजून भेव वाटते." मग पुन्हा शिडी. तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाबा छताखाली उभे राहिले, आणि मग उभे न राहता तिथंच खाली बसले. "हं. आता जमलं," म्हणाले. सत्तारभाईंना पाटीखाली स्वतःचं नाव टाकताना होत असेल तसा आनंद झालेला मला दिसला.

घट बसायच्या आदल्या दिवशी दुपारी आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन मांडवात आली. गर्दी व्हायच्या आत नागाला हळदकुंकू वाहायचं होतं तिला. खाण काढली नाही याबद्दल ती मला एक शब्द बोलली नव्हती, आणि तेच मला जास्त लागत होतं. नेमकी लाइट गेलेली. आत काळोख. तिच्या गुडघ्यांचा भरवसा नाही म्हणून बाबा पुढं झाले. एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात माझ्या मोबाइलची बॅटरी. मी आणि सत्तारभाई मागं.

आत शिरता शिरता बाबा म्हणाले, "डोकं खाली घे."

आईनं मान लववली. बाबांनी बॅटरी कपाळाजवळ धरली होती, टोपीवर दिवा असायचा तिथं. त्यांचं त्यांना कळलं नसावं. चालही बदलली होती त्यांची. पाय जरा फाकवून, खांदे आत घेऊन, न अडखळता. "पाय उचलून टाक. इथी रूळ राहेत," ते म्हणाले, आणि आईनं रिकाम्या जमिनीवरून पाय उचलून टाकला. माझ्या चित्राला जे जमलं नाही ते या पोत्यांच्या दगडाला जमत होतं, तेही मधून मधून चमकणाऱ्या नागांसकट.

वळणावर कासव होतं, बसायला ऐसपैस. बाबा थांबले. वर एकदा पाहिलं. मग म्हणाले, "इथी आमी रोज डबा खाऊ."

"इथी?"

"हं. हा इथी मारोती बसे. त्याच्या बाजूले शेख. शेखच्या डब्यातली भाजी सगळ्याइले पाह्यजे, म्हनून त्याले मधात बसवू. तिकडे लच्छू, थो तेलुगूत गाने म्हने. इकडे दौलतदादा, थो कोलाम आदिवासी होता, त्याले खालचा वारा समजे. तुही चटनी सगळ्याइत फिरे. माह्या वाट्याले कधी उरलीच नाई."

आई त्या जागांकडं एकेक करून पाहत होती. बॅटरीचा उजेड जिथं जाईल तिथं.

"इतके जन?" ती म्हणाली.

"मंग? एकट्याले खाली सोडतच नव्हते. कोनाचाच जोडीदार सुटला नाई पाह्यजे, असाच कायदा होता."

आई कासवाच्या पाठीवर बसली. कोयरी तिच्या मांडीवर कलंडली आणि कुंकू पदरावर सांडलं, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

"मी तं तुमाले रोज एकटंच पाहत होती," ती म्हणाली.

बाबांना आधी समजलं नाही. मग समजलं. ते तिच्या समोर उकिडवे बसले.

"काहून विचारलं नाई मंग?"

"तुमी सांगतलं काहून नाई?"

सत्तारभाई माझ्या बाजूला उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं आणि वाळलेल्या भिंतीवरून उगाच हात फिरवत राहिले. मी रडत होते. किती वर्षं, किती पाळ्या, चुलीपुढं बसून तिनं त्या काळोखात एकच माणूस काढला होता आणि त्याच्याभोवती कोणालाच उभं करायचं तिला सुचलं नव्हतं. आणि तो माणूस तेव्हा शेखची भाजी खात हसत बसलेला. केवढी ती भीती, आणि किती साध्या गोष्टीनं निवली असती. आई रडली नाही. ती म्हणाली, "पुन्हा सांगा नावं." बाबांनी पुन्हा सांगितली. मारोती, शेख, लच्छू, दौलतदादा, आणि आणखी कितीतरी. लाइट आली, सगळे मणी पेटले, हिरवा उजेड पडला, तरी त्यांचं संपलं नव्हतं.

त्यानंतर बाबा बोलायला लागले. रोज नाही, सगळं नाही. पण जेवताना मधूनच एखादं नाव निघायचं आणि आई विचारायची, "थोच ना, गानेवाला?" आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल विचारावं तसं. ती त्यांना कधी भेटली नव्हती, पण त्यांच्यातल्या कोणाच्या पोरीचं लग्न कुठं झालं हे तिला पाठ झालं होतं. त्यातले बरेच जण एव्हाना गेलेले होते. कोणी गेल्याचा फोन आला की आई त्या दिवशी गोड करत नसे.

यंदा मांडव बांधणारे दुसरेच कोणी आहेत, देखावाही दुसराच. सत्तारभाईंचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. काल संध्याकाळी शेजारच्या काकू आईजवळ येऊन बसल्या. सणाच्या दिवसांत बाई एकटी बसलीय, चार शब्द बोलावे, म्हणून. बोलता बोलता त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि समजूत घालत म्हणाल्या, "वाईट नका वाटून घेऊ. भाऊजी वर देवाजवळ गेले. तिथून पाहत असतील तुम्हाला."

आईनं चौकातल्या बांबूंवरची नजर काढली नाही.

"वर कायले जातीन थे?" ती म्हणाली. "वर तं त्याइच्या ओळखीचं कोनीच नाई."